भिंगरी आणि फुटक्या घंटेची कादंबरी

भिंगरीने पहिली गोष्ट सांगितली ती एका बंद दाराला.

दाराच्या आत, दोन मजल्यांच्या मधोमध, एक आजीबाई आणि त्यांची भाजीची पिशवी लटकत होती. लिफ्ट रुसून बसली होती. भिंगरी तेव्हा नुकताच कामाला लागलेला. त्याचा वस्ताद गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवायच्या खटपटीत होता आणि भिंगरीकडे काम एवढंच होतं, की दाराशी उभं राहायचं आणि आजींना घाबरू द्यायचं नाही.

“आजी, घाबरू नका हं.”

“घाबरू नका म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं? तू बाहेर, मी आत!”

बोलायला काहीतरी हवं म्हणून त्याने सांगायला सुरुवात केली, की ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी शहराची वेस होती. हे त्याला शाळेत शिकवलेलं. त्या वेशीवर एक पहारेकरी होता. तेही असणारच, वेस म्हटली की पहारेकरी आला. पण तो पहारेकरी मेल्यावरही कामावर येत राहिला आणि वेस पाडून टाकली तरी रोज संध्याकाळी नसलेलं दार लावत राहिला, हे कुठून आलं ते भिंगरीला स्वतःलाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. आत एकदम चिडीचूप झालं. लिफ्ट इंचाइंचाने खाली आली, दार उघडलं, तर आजी बाहेर पडायला तयार नाहीत.

“आधी सांग. त्याला कोणी सांगितलं की नाही, बाबा रे, दार नाहीये म्हणून?”

वस्तादाने खाली येऊन कपाळाला हात लावला. पण त्यानंतर कुठे माणूस अडकला, की वस्ताद वर आणि भिंगरी दाराशी, अशी वाटणीच होऊन गेली.

भिंगरी हे अर्थातच टोपणनाव. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती याच्या पायाला जन्मापासून नसली तरी कळत्या वयापासून होती. जेवताना हा तीनदा उठायचा. पाणी आणायला, खिडकी लावायला, लावलेली खिडकी उघडायला. लग्न ठरवायला मुलीकडे गेला तेव्हा बोलणी संपेपर्यंत त्याने त्यांच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी दुरुस्त करून ठेवली होती. मुलीने ते पाहूनच होकार दिला, असं तिची आई सांगायची. मुलगी, म्हणजे आता त्याची बायको, चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांचे डोळे तपासायला मदत करायची, काचा घासून बसवायची, फ्रेमच्या काड्या वाकवून कानाला बेतायची. ती म्हणायची, “दुकानात माणूस खुर्चीत बसवला की बसतो. घरी मात्र मला वाऱ्याला चष्मा लावायचाय.”

लिफ्टचं काम भिंगरीला मानवलं ते त्यामुळेच. आज ही इमारत, उद्या ती. खाली खड्ड्यात उतरा, वर गच्चीवर चढा, वायररोपला हात लावून बघा, दाराच्या कुलपातले विजेचे संपर्क साफ करा, पुढे चला. बैठं काम मिळालं असतं तर तो वेडा झाला असता. आणि तरी या माणसाने कादंबरी लिहिली, हे नवल.

ते असं झालं. शहराच्या जुन्या ग्रंथालयाची लिफ्ट त्याच्याकडे होती. ती इतकी जुनी होती, की तिच्याशी गोडीगुलाबीनेच वागावं लागे. ती चालू होण्याची वाट बघताना भिंगरी कपाटांमधून फिरायचा आणि उभ्याउभ्याच वाचायचा. तिथे त्याला साथीच्या काळाची पुस्तकं सापडली. फार जुनी नव्हे, पणजोबाने पाहिली असेल अशी साथ. वेशी बंद केल्या होत्या. मेलेल्यांच्या गाड्या पहाटे फिरायच्या. घरांच्या दारांवर चुन्याच्या रेघा मारायच्या. साथ ओसरली तेव्हा उरलेल्या लोकांनी चौकात मनोरा बांधला आणि त्यात एक मोठी घंटा टांगली. तांबं-कथील मिळत नव्हतं, म्हणून घराघरांतून भांडीकुंडी गोळा केली. मनोऱ्याच्या पायथ्याशी दगडात तसं कोरलेलंच आहे: ‘ही घंटा नगरवासीयांनी दिलेल्या धातूची.’ भिंगरी त्या चौकातून हजारदा गेला असेल. घंटा त्याच्या लहानपणीच तडकली होती. तिचा लोलक बांधून टाकला होता आणि कबुतरांनी ती आपल्या नावावर करून घेतली होती.

ते वाचल्यावर त्याच्या डोक्यात एक बाई येऊन बसली. ओतारीण. नवरा साथीत गेल्यावर तिने त्याची भट्टी चालवायला घेतली. लोक तिच्याकडे मेलेल्यांच्या वस्तू घेऊन येतात: कडी, अंगुस्तान, पळी, मुलाच्या पायातला वाळा. ती सगळं वितळवते आणि त्याची घंटा ओतते. घंटा टांगली जाते, पहिला टोला पडतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना ऐकू येतं ते आपापल्या मेलेल्या माणसाचं अर्धवट राहिलेलं वाक्य. बोलता बोलता जे तुटलं, ते घंटा पुरं करते. एकदाच. मग त्या वाक्यांपायी शहरात काय काय घडतं, कोण सुखी होतो आणि कोण सुऱ्या काढतो, आणि ओतारीण स्वतः मात्र कानात मेण घालून का बसते, अशी ती कादंबरी.

अर्धवट वाक्याची कल्पना कुठून सुचली, असं बायकोने एकदा विचारलं. भिंगरी म्हणाला, “कुठून सुचणार? सुचली,” आणि चहाचं आधण ठेवायला उठला.

त्याने ती उभ्यानेच लिहिली. घरातल्या उंच फडताळावर कागद ठेवून, जसं दुकानदार गल्ल्यावर उभं राहून लिहितात तसं. मधूनच खोलीत येरझारा. त्याची लेक तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणायची, “बाबा, तुमच्या ओतारणीने आज किती किलोमीटर चालायचं ठरवलंय?” कादंबरी पुरी व्हायला काही वर्षं गेली. छापखान्याच्या माडीवर बसणाऱ्या एका प्रकाशकाने ती घेतली, तीही त्याच्या इमारतीची लिफ्ट भिंगरीकडे होती म्हणून भिडेने. नाव ठेवलं ‘कंठधातू’. पुस्तकावर भिंगरीचं खरं नाव छापलं, त्यामुळे हा आपलाच भिंगरी हे बराच काळ कोणाला कळेना.

आणि पुस्तक चाललं. का चाललं, ते प्रकाशकालाही सांगता येईना. लोक चौकात येऊन मान वर करून घंटेकडे बघू लागले. कोणीतरी मनोऱ्याच्या पायरीवर जुनी पितळी कडी ठेवून गेलं. मग दुसऱ्याने चमचा ठेवला. भिंगरीला आधी गंमत वाटली, मग थोडी लाज. तो त्या चौकातून जायचं टाळू लागला. लांबच्या वाटेने जायचा. चालायला त्याची ना नव्हतीच.

प्रकाशक म्हणाला, “दुसरा भाग लिहा. घंटा पुन्हा वाजते. लोक रांगा लावतील.”

“ती फुटकी आहे हो.”

“तुमच्या पुस्तकात मेलेली माणसं बोलतात आणि फुटकी घंटा तुम्हाला आडवी येते?”

भिंगरी लिफ्ट बघायला निघून गेला.

चौकात मनोऱ्यासमोर किल्ल्या बनवणाऱ्या एका बाईचं लहानसं दुकान होतं. सगळे तिला किल्लीवाली म्हणत. मशीनवर किल्ली घासताना ठिणग्या उडायच्या तेव्हा ती डोळे बारीक न करता बघे. जिभेलाही मशीनसारखीच धार. दुकान आधी नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर हिने चालवायला घेतलं. एके सकाळी भिंगरी समोरच्या बँकेच्या लिफ्टचं काम आटोपून हत्यारांची पिशवी खांद्यावर मारून निघाला होता. तिथे जाण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यात मागून हाक आली.

“काय हो लेखक!”

त्याने वळून पाहिलं. किल्लीवाली फळीवर हात टेकून उभी होती आणि हाताखाली ‘कंठधातू’ होतं. पानं फुगलेली, कोपरे काळे झालेले.

“तुम्हाला कसं कळलं मी…”

“अख्ख्या गावाच्या कुलपांच्या किल्ल्या आहेत माझ्याकडे. एवढं कळणार नाही?” मग तिने आवाज खाली आणला. “एक विचारू? घंटा वाजली की वाक्य पुरं होतं, हे तुम्हाला कुठे मिळालं? कुठल्या पुस्तकात?”

“कुठल्याच नाही, ताई. ते माझ्या मनचं आहे.”

“चुन्याच्या रेघा?”

“त्या खऱ्या.”

“पहाटेच्या गाड्या? वेशी बंद केल्या ते? भांडी गोळा केली ते?”

“सगळं खरं.”

“आणि तेवढंच मनचं?”

“तेवढंच.”

एक गिऱ्हाईक आलं, किल्लीवालीने त्याची किल्ली बघितली, मापाची कोरी किल्ली काढली, मशीनला लावली. ठिणग्या उडाल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, “माझा नवरा फोनवर बोलत होता. इथूनच, या दुकानातून. मी म्हटलं, येताना दूध आणा. तो म्हणाला, ‘अगं ते राहू दे, ऐक, मी काय म्हणतो…’ बस. मला वाटलं फोन कटला. मी चिडले. परत लावला, तर दुसऱ्याच कोणीतरी उचलला.”

भिंगरीला तिथून पळावंसं वाटलं. पिशवीचा पट्टा त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“तर मला एवढंच हवंय,” ती म्हणाली, “की ती घंटा एकदा वाजवायची. तुम्ही उंचावर चढता. दोरखंड, कप्प्या सगळं जाणता. आणि लिहिलंय पण तुम्हीच.”

“ताई, मी सांगितलं ना, ते…”

“ऐकलं मी. तुम्ही खोटं लिहिलंत ते ऐकलं. तरी वाजवा.”

तो नाही म्हणाला. हात जोडून नाही म्हणाला आणि निघाला. त्या दिवशी त्याने एका इमारतीत वायररोपला ग्रीस लावलं आणि खाली आल्यावर लावलं की नाही ते आठवेना म्हणून परत वर गेला. लावलेलं होतं. घरी आल्यावर फडताळाशी उभा राहिला, तर लेखणी पुढे सरकेना. बायकोने विचारलं, तेव्हा त्याने किल्लीवालीचं सगळं सांगितलं.

“मग वाजवा की,” बायको म्हणाली.

“असं कसं वाजवा? तिला काही ऐकू येणार आहे का?”

“नाही येणार.”

“मग?”

“मग तिला कळेल, नाही येत म्हणून. आत्ता तिला ते फक्त तुम्ही सांगताय. आणि तुमच्यावर तिने का विश्वास ठेवावा? तुम्ही तर पानोपानी उलटं लिहिलंय.”

भिंगरी खिडकीशी गेला, दाराशी गेला, पुन्हा खिडकीशी आला. बायको म्हणाली, “एका जागी उभे राहा हो, मला चक्कर येते.”

पुढचं मात्र त्याच्या हातात राहिलं नाही. घंटा टांगलेल्या तुळईला वाळवी लागली होती. नगरपालिकेच्या इंजिनिअरीणबाईंनी वर जाऊन पाहणी केली आणि ठरवलं, की घंटा कोणाच्या डोक्यात पडण्याआधी उतरवायची आणि संग्रहालयात ठेवायची. मनोऱ्यात कर्णा बसवायचा, त्यातून ध्वनिमुद्रित टोले वाजवायचे. जड वस्तू उंचावरून अलगद उतरवायची सवय कोणाला? लिफ्टवाल्यांना. काम भिंगरीच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीत सगळ्यात जुना, सगळ्यात हलका आणि एका जागी न ठरणारा माणूस एकच होता.

गावात कुजबूज झाली. जो माणूस घंटेवर मोठा झाला तोच घंटा उतरवणार! प्रकाशकाचा फोन आला. “अहो, फोटोवाला पाठवू का?” भिंगरीने फोन ठेवून दिला. परांची चढत होती, बांबूवर बांबू बांधले जात होते. किल्लीवाली दुकानात बसून नुसती बघत होती. तिचं ते गप्प बसणं भिंगरीला शिव्यांपेक्षा जास्त टोचलं. आदल्या दिवशी तो इंजिनिअरीणबाईंकडे गेला.

“बाई, उतरवण्याआधी घंटेवर टोला मारून बघायला हवा.”

“कशाला?”

“तडा किती खोल गेलाय ते आवाजावरून कळतं. वरवरचा असेल तर एक साखळी पुरे. आरपार असेल तर पट्टे बांधून धरावी लागेल, नाहीतर उचलताना दोन तुकडे होतील.”

हे अगदी खरं होतं. टोला मारणं कामाचंच होतं. तरी बोलताना त्याचे कान तापले. बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांनीही पुस्तक वाचलेलं होतं.

“मारा. पण लाकडी हातोडा, आणि फडकं गुंडाळून. खाली कोणी उभं राहायचं नाही.”

“एक बाई उभ्या राहतील.”

“तर हेल्मेट घालून राहतील,” इंजिनिअरीणबाई म्हणाल्या आणि कागदांकडे वळल्या.

सकाळी चौक रिकामा केला होता. दोरी बांधून बघ्यांना पलीकडे ठेवलं होतं आणि दोरीच्या अलीकडे, मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी, पिवळं हेल्मेट घालून किल्लीवाली एकटी उभी होती. दुकानाचं शटर खाली होतं. हेल्मेट मोठं होऊन डोळ्यांवर येत होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा मागे सारत होती. कोणाला हसू यावं असं ते ध्यान होतं, पण कोणी हसलं नाही.

भिंगरी वर चढला. जवळून घंटा त्याने पहिल्यांदाच पाहिली. पुस्तकात त्याने तिला काळीभोर, तुळतुळीत केली होती. खरी घंटा हिरवट होती, खरखरीत, कबुतरांच्या विष्ठेने माखलेली, आणि एका अंगाला केसासारखा तडा वरून खालपर्यंत. त्याने तिच्यावर तळवा ठेवला. गार होती. मग त्याने खाली बघून हात केला, खालून हात आला, आणि त्याने टोला मारला.

आवाज फुटक्या हंड्यासारखा आला. भद्द. त्यामागे एक खरखर, काही क्षण रेंगाळलेली. कबुतरं भर्रकन उडाली. भिंगरी कान देऊन उभा राहिला. खालून किल्लीवालीने एक बोट वर केलं: आणखी एकदा. त्याने पुन्हा मारला. ती मान वाकवून उभी होती, डोळे मिटून. तिसरा टोला त्याने कोणी न सांगता मारला. आणि तो मारल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण तडा ऐकत नाही आहोत.

खरखर विरली. खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल कर्रकन थांबली. आणखी काही नाही.

तो उतरला. तडा आरपार होता. पट्टे लागणार होते. तसं त्याने इंजिनिअरीणबाईंना सांगितलं आणि मग नाइलाजाने किल्लीवालीकडे गेला. ती पायरीवर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन.

“काही नाही,” ती म्हणाली. “काहीच नाही हो.”

“ताई, मी…”

“तुम्ही इतकं खरं का लिहिलंत?” ती एकदम उसळली. दोरीपलीकडचे लोक बघायला लागले. “साथ खरी, रेघा खऱ्या, गाड्या खऱ्या, भांडीसुद्धा खरी! माणूस एकेक पायरी विश्वास ठेवत वर चढतो आणि नेमकी शेवटची पायरी खोटी! असं करतात का? सगळंच खोटं लिहायचं होतं, म्हणजे मी बघितलंसुद्धा नसतं. का केलंत असं?”

भिंगरीने तोंड उघडलं. मुलाखतीत दिलेली उत्तरं त्याला आठवली: इतिहास आणि कल्पनेचा मेळ, वगैरे. त्यातलं एकही इथे उभं राहण्याजोगं नव्हतं.

“कारण मला तेवढंच हवं होतं,” तो म्हणाला. “बाकीचं सगळं मी त्याच्यासाठी गोळा केलं.”

आणि तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

“मला एक मोठा भाऊ होता. दादा. बोटीवर नोकरीला निघाला. मी शाळकरी पोर, त्याला स्टँडवर सोडायला गेलो होतो. बस सुटली, तेव्हा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, ‘तू फक्त…’ आणि इंजिनच्या आवाजात पुढचं गेलं. मी मागे धावलो. तो हसत होता, हात हलवत होता, बोलत होता. मला काही कळलं नाही. म्हटलं, पत्रात लिहील. तिकडे पोचल्यावर त्याला ताप आला आणि तिकडेच गेला.”

किल्लीवालीने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला आत्ता ऐकू आलं? वर?”

“नाही.”

“म्हणजे तुम्हीपण ऐकत होतात.”

“हो,” भिंगरी म्हणाला. “मला आत्ताच कळलं.”

ती हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग म्हणाली, “त्याला तसं फार काही बोलायचं नसायचं. ‘मी काय म्हणतो’ अशी सुरुवात करून तो बरेचदा काहीच म्हणायचा नाही. त्याची सवयच होती ती.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “पण एखाद वेळी म्हणायचाही.” आणि उठून तिने शटर वर केलं.

घंटा दुपारी उतरवली. पट्ट्यांनी बांधलेली, हळूहळू, एकही तुकडा न पडता. काम चोख झालं म्हणून सगळ्यांनी भिंगरीची पाठ थोपटली. प्रकाशकाने फोटोवाला पाठवलाच होता. फोटोत भिंगरी हललेला आला.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने बायकोला दादाबद्दल सांगितलं. दादा होता आणि गेला हे तिला माहीत होतं. भिंतीवर फोटो होता. बस, खिडकी, ‘तू फक्त’ आणि तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाहीत, हे तिने पहिल्यांदा ऐकलं. ती कणीक मळत होती. तिचे हात परातीत थांबले.

“इतकी वर्षं मला वाटायचं,” ती शेवटी म्हणाली, “की यांना माझ्याजवळ बसवत नाही.”

भिंगरी चमकला. असं काही असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला वाटायचं, उठणं-बसणं हे आपलं आपल्यापाशी. त्याचा कोणाला काय त्रास?

“तसं नाही गं.”

“आता सांगताय.”

“आता सांगतोय.”

“मग बसा.”

तो बसला. पोळ्या होईपर्यंत बसला, एकदाही उठला नाही आणि त्याचा एक पाय सारखा हलत राहिला. तिने त्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, “जा आता. खिडकी लावून या.” खिडकी लावलेलीच होती. तरी तो गेला.

दुसरा भाग त्याने लिहिला नाही. प्रकाशक महिनोन्‌महिने रुसून होता. भिंगरीने वेगळीच कादंबरी लिहायला घेतली, त्याहून जुन्या काळाची, शहराला पहिल्यांदा नळाने पाणी आलं तेव्हाची. त्यात जमिनीखालच्या नळांमधून एक बुडालेली पोर या घरातून त्या घरात हिंडते. या खेपेला त्याने एक गोष्ट हट्टाने केली: आरंभीच एक पान लिहिलं. यातलं काय घडलेलं आहे आणि काय मी रचलं आहे, ते साफ. प्रकाशक म्हणाला, “अहो, जेवायला बसवून भाजीत काय काय घातलंय ते सांगता का? मागे टाका.” बरीच ओढाताण होऊन ते पान पुस्तकाच्या शेवटी छापलं गेलं.

पहिली प्रत त्याने किल्लीवालीला नेऊन दिली. तिने मशीन बंद केलं, हात पुसले आणि पुस्तक उलटं धरून आधी शेवटचं पान वाचलं.

“बरं वाटलं?” भिंगरीने विचारलं. तो दुकानाच्या पायरीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

“मजा गेली,” ती म्हणाली. “पण असू दे. दुसऱ्या कोणाला लागेल.” मग पान बोटाने चाचपत म्हणाली, “वाचीन मी. पण आता वाचताना सारखी तुमच्याकडे बघत वाचणार. सांगून ठेवते.”

हे पुस्तक पहिल्याइतकं चाललं नाही. वाचकांची पत्रं आली त्यात दोन तट पडले. कोणी त्या पानासाठी आभार मानले, कोणी लिहिलं, की आमच्या घरातल्या नळातून पोरीचा आवाज येतो आणि तुमच्या पानाने काही सिद्ध होत नाही. ही दुसरी पत्रं भिंगरी पुन्हा पुन्हा वाचायचा. त्यांना उत्तर काय द्यावं, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. चार ओळी लिहितो, फाडतो, चक्कर मारून येतो, पुन्हा लिहितो.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. भिंगरीच्या गुडघ्यांनी खड्ड्यात उतरायला नकार दिला, तेव्हा कंपनीने त्याला कार्यालयात खुर्ची दिली. ती त्याने आठवडाभर सोसली आणि राजीनामा दिला. आता तो सकाळी लिहितो, उभ्यानेच. संध्याकाळी बायको दुकानातून आली, की चपला न काढताच म्हणते, “चला.” हा शोध तिचा. हा माणूस बसणार नाही, मग आपणच चालावं. दोघं गावभर फिरतात. तो पुढच्या कादंबरीतलं सांगत असतो. ती मधेच विचारते, “हे घडलेलं की तुमचं?” तो सांगतो. कधी ती म्हणते, हे तुमचं असलं तरी ठेवा. कधी म्हणते, हे घडलेलं असलं तरी काढा, खोटं वाटतंय. आणि चढ लागला की ती थांबते, कमरेवर हात ठेवून दम खाते. तो बोलण्याच्या भरात पुढे निघून जातो, मग शेजारी कोणी नाही हे लक्षात येऊन मागे वळतो, तिच्यापर्यंत येतो आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सांगू लागतो.